चांदाची कूस

रोज सकाळी सुट्टीची घंटा देण्याआधी हिराजी शाळेच्या पटांगणात उन्हात उभा राहून स्वतःभोवती फिरायचा. सावकाश, तव्यावरची भाकरी फिरवावी तसा. आधी पाठ उन्हाला, मग एक कूस, मग पोट. पनवेलच्या आमच्या शाळेत तो शिपाई होता. घरची पिढीजात मिठागरं, त्यामुळे ऊन त्याला नवं नव्हतं. पण मिठागरावरही कुणाला असं फिरताना मी पाहिलं नाही.

मी विज्ञान शिकवायचो. बी. एस्सी. होतो, आणि ते सांगायची संधी सहसा सोडत नसे. एकदा फळा पुसता पुसता हिराजीने विचारलं, "मास्तर, सूर्व्याची ऊब चांदावर पोचते कशी? मधी तर वारा पन नाय."

मी पुस्तकातलं सांगितलं. उष्णता किरणांतून येते, तिला वाटेत हवा लागत नाही. चंद्रावर हवा नाही, म्हणून उन्हातली बाजू भाजून निघते आणि अंधारातली गोठते. "हां हां," म्हणून तो गेला.

झालं! आठवड्याभरात शाळा सुटली की पोरं त्याच्याभोवती.

"चांद म्हंजे उघडा मानूस. आंगावर गोधडी नाय. ऊन हाय तवर करपतो, ऊन गेला का काकडतो. नि कूस बदलाया पंधरा दिस!"

पोरं खिदळत गोल फिरायची. माझ्या तासाला हीच पोरं जांभया द्यायची. ज्ञान माझं आणि वाहवा त्याची! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तपासणीला साहेब आले. त्यांनी नेमकं चंद्राबद्दलच विचारलं. अख्खी सातवी उभी राहून गोल फिरू लागली. साहेब बेहद्द खूश.

"कुणी शिकवलं रे?"

"हिराजीनं!"

त्याच दुपारी मी हेडमास्तरांकडे तक्रार केली. सकाळच्या सुट्टीत हिराजी गायब असतो, सुट्टी संपल्याची घंटा रोज उशिरा होते. तक्रार खरी होती, कारण मात्र माझं मलाच ठाऊक. हुकूम निघाला: सुट्टीत शाळा सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुट्टीत तो घंटेखाली सावलीत बसला होता. मी मुद्दाम गेलो. "काय हिराजी, आज फिरणं नाही?"

"कुनासाठी फिरू, मास्तर?" तो म्हणाला. "बायको दोन सालं खाटल्यावर हाय. आंग लुलं, वाचा गेली. वैद बोलला, सकालचा ऊन द्या. सुट्टीत जाऊन तिला आंगनात ठेवायचो. पन चटका बसला तरी ती सांगनार कशी? म्हनून आदी मीच फिरून बगायचो, एक कूस किती येल सोसते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हासुद्धा हेवा वाटलाच. मी खानावळीत जेवणारा एकटा जीव. माझी कूस पोळली तर कुणाला कळणार होतं?

तसाच हेडमास्तरांकडे गेलो. म्हटलं, त्याला घरी जाऊ द्या, सुट्टीच्या घंटा मी देतो.

"बी. एस्सी. होऊन घंटा बडवणार?" ते हसले.

बडवली. वर्षानुवर्षं बडवली. सुट्टी झाल्याची घंटा घड्याळ बघून द्यायचो. संपल्याची मात्र, हिराजी फाटकातून आत आला की. पोरं म्हणायची, मास्तरांचं घड्याळ मागे पडतं.