सहीसाहेबांचा गुडघा

सोफ्याखाली गेलेली चप्पल वाकून काढायची की पायानेच ओढायची, एवढाच प्रश्न होता. सहीसाहेबांनी पाय घातला. गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला आणि चप्पल होती तिथेच राहिली.

(सहीसाहेब हे त्यांचं ऑफिसातलं नाव. टेबलावरचं काम हाताखालची माणसं करत, हे देखरेख करत आणि शेवटी सही ठोकत. आपण काही करत नाही, असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.)

दुखण्याचं एक वेळ सोडा हो, पण महिनाअखेरीला साडूबरोबर बॅडमिंटनचा सामना होता. तो दर वर्षी होई आणि दर वर्षी साडूच जिंके. वर सगळ्या नातेवाइकांना सहीसाहेब कसे धडपडले ते हावभावांसकट करून दाखवी. यंदा त्याची जिरवायचीच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"गुडघा का?" साडू फोनवर म्हणाला. "मी म्हणतच होतो, या वेळी काय निमित्त निघतंय!"

सहीसाहेब तडक फिजिओथेरपिस्टकडे गेले. ती त्यांच्या मुलीच्या वयाची होती.

"काका, पडून राहिलात तर सांधा आखडेल," ती म्हणाली. ('काका' गुडघ्यापेक्षा जास्त लागलं.) "मांडीचे स्नायू बळकट करू, म्हणजे गुडघ्यावरचा ताण कमी होईल."

मग तिने भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणं, टाचा उचलणं, एका पायावर तोल सांभाळणं असं सगळं शिकवलं. "रोज करायचं. आणि मी तपासल्याशिवाय कोर्टवर पाऊल ठेवायचं नाही."

घरी आल्यावर सहीसाहेबांनी बायकोला हाक मारली.

"अगं, जरा भिंतीला टेकून बस बघू. पद्धत नीट लक्षात येईल."

बायको बसली.

"पाठ सरळ! आणखी खाली! पुन्हा कर."

"अहो, गुडघा कोणाचा दुखतोय?"

"आधी पद्धत तर बसू दे!"

पद्धत काही बसेना. त्यामुळे रोज संध्याकाळी बायको भिंतीला आणि सहीसाहेब आरामखुर्चीत, असा कार्यक्रम सुरू झाला. "सावकाश! श्वास रोखू नकोस!" ओरडून ओरडून त्यांना घाम फुटे. "आज चांगलाच व्यायाम झाला," असं म्हणत ते समाधानाने जेवायला बसत.

तपासणीच्या दिवशी बायकोही बरोबर गेली.

"काका, दुखऱ्या पायावर उभे राहा."

सहीसाहेबांनी दुसरा पाय उचलला आणि पुढच्याच क्षणी ते कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या सांगाड्याच्या गळ्यात पडले. सांगाडा मात्र पडला नाही.

"अहो, पोट आत घ्या, नजर समोर!" असं म्हणत बायको एका पायावर उभी राहिली. खांबासारखी. तशीच उभी राहून तिने त्यांचा चष्मा पुसून दिला.

"काकू! कोणी शिकवलं हो तुम्हाला?"

"यांनीच."

सहीसाहेबांनी सांगाड्याला धरूनच मान लववली.

"काका, तुम्ही खेळायचं नाही," ती म्हणाली. सहीसाहेबांचा चेहरा पडला. साडूला आता कोणत्या तोंडाने सांगणार? खरंच रडू यायची वेळ आली होती.

"मी खेळते की," बायको म्हणाली. "एवढं काय त्यात!"

आणि खेळली, अहो, कशी खेळली! साडूला तिने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात असं पळवलं, की शेवटी तो जाळीला धरून धापा टाकत राहिला. सगळे नातेवाईक बघत होते. सहीसाहेब लंगडत लंगडत थेट त्याच्यापाशी गेले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते त्याच्या तोंडून ऐकायचंच होतं.

"काय मग, साडूबुवा?"

"हरलो बुवा, चक्क हरलो!" साडू खुशीत म्हणाला. "खेळल्यासारखं वाटलं हो, पहिल्यांदाच! ताई, पुढच्या वर्षीही तुम्हीच या. यांना कशाला उगाच त्रास?"

बायकोने क्षणभर विचार केला.

"चालेल," ती म्हणाली.