गंगामाई कापायची नाही

गंगाकाठच्या महाराष्ट्र मंडळाच्या परिचयपुस्तिकेची फाइल ग्रुपवर पाठवून वेणीमाधवाने हुश्श केलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा, विद्युल्लताचा, आवाज आला.

"अहो, शरदिनीकाकू कधी गेल्या?"

"कुठे गेल्या?"

"वर!"

त्याने मोबाइल पाहिला. दुसऱ्या पानाच्या माथ्यावर ठळक 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली पहिल्याच चौकटीत मंडळाच्या सल्लागार शरदिनीकाकू, नथ घालून हसताना. काकूंनी त्याला नववीत गणिताच्या तासाला बाकावर उभं केलं होतं. त्या तासाची भीती अजून उतरली नव्हती.

सगळं झालं देवदत्तगुरुजींच्या फोटोमुळे. वर कमरेइतक्या पाण्यात गुरुजी, खाली हातभर नुसतं पाणी.

"गुरुजी, चौकटीत बसत नाही. खालचं पाणी कापतो."

"खबरदार! गंगामाई कापायची नाही!"

अमृतराव घाटावर राहून हे पाप कोण डोक्यावर घेणार? त्याने फोटो अख्खा घातला. चौकट लांबली, पदाधिकाऱ्यांचा तक्ता लांबला आणि शेवटची, काकूंची ओळ घसरून पुढच्या, दिवंगत सभासदांच्या पानावर थेट मथळ्याखाली गेली. या पठ्ठ्याने पहिलं पान तेवढं तपासलं होतं.

"डिलीट करा ना लवकर!"

"बत्तीस जणांनी बघितलं गं!"

ग्रुपवर 'ॐ शांती'ची रांग लागली होती. एकाने तर तेरावा कुठे, हेही विचारलं होतं. काकूंचे मुलगे, बंगळूरचा ओजस आणि पुण्याचा शार्दूल, दोघंही त्याच ग्रुपवर. वेणीमाधवाने काकूंना फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज.

मग दारावरची बेल वाजली. दारात काकू, हातात काठी.

"काकू, पाया पडतो! गलती झाली. आत्ता ठीक करतो!"

"त्या फाइलला हात लावू नकोस!"

वेणीमाधव नकळत स्टुलावर चढायच्या बेतात होता.

काकू खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. "ओजसचा फोन होता. सहा महिन्यांनी! माझा आवाज ऐकला आणि रोने लगा. तिकीट काढलंय म्हणे, गुरुवारी येतोय."

वेणीमाधवाच्या जिवात जीव आला. "मग आता तरी दुरुस्त करू ना, काकू?"

"अभी नहीं," काकू हळूच म्हणाल्या. "शार्दूलने अजून बघितलं नाहीये. संध्याकाळपर्यंत राहू दे मला तिथेच."