जोडाक्षरातली रत्नम्मा

मुक्ताबाई मुळात गप्पिष्ट नव्हत्या. एकतीस साली सोलापुरात रत्नम्माच्या ओसरीवर त्यांनी बायकांसाठी दुपारचा लिहिण्यावाचण्याचा वर्ग काढला, तेव्हा पहिल्या दिवशी पाचजणी आल्या आणि भिंतीला चिकटून बसल्या. संकोच मोडावा म्हणून बाईंनी सहज विचारलं, "आज काय भाजी केलीत?"

हा प्रश्न महागात पडला. दुसऱ्या दिवशी अकराजणी आल्या, महिन्याभरात तीस झाल्या. भाजीवरून बोलणं सासूवर जाई आणि सासूवरून हटकून, दबक्या आवाजात, घरमालकीण रत्नम्मावर. रत्नम्माला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण ओसरीवर सगळ्यांत बसून शिकणं तिच्या इभ्रतीत बसत नव्हतं. दोन महिन्यांत हजेरीपट भरला आणि मुळाक्षरं 'घ'च्या पुढे सरकली नाहीत.

मग शाळा तपासणाऱ्या दिपोटी साहेबांचं पत्र आलं. महिन्याने तपासणी, बायकांना मनाने एक वाक्य लिहिता आलं नाही तर वर्ग बंद. बाईंचं धाबं दणाणलं. सासरच्यांशी वर्षभर भांडून त्यांनी हा वर्ग उभा केला होता. त्याच दुपारी त्यांनी फर्मान काढलं, "वर्गात बोलायचं नाही."

बायका कानडीत बोलू लागल्या. बाईंनी कानडीही बंद केली.

चौथ्या दिवशी सातजणी उरल्या. बाई तडक सगळ्यांची पुढारी नागव्वा हिच्या घरी गेल्या.

"येत का नाहीस गं?"

"बाई, तुमी बोलत न्हाय, आमाला बोलू देत न्हाय. गप बसवायला घरी सासू हाय की."

"बरं बाई, ये. बोलायचं असेल ते पाटीवर बोल," बाई वैतागून म्हणाल्या.

नागव्वाने ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी तीसच्या तीस हजर. पाट्या या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागल्या. दोन महिने 'ग' उलटा काढणारी रंभाबाई घाईघाईने विचारू लागली, "बाई, 'भांडली' कसं लिवायचं? लवकर सांगा."

खरी अडचण रत्नम्माची होती. तिच्या नावाशिवाय कुठलीच बातमी पुरी होईना, आणि जोडाक्षरांशिवाय तिचं नाव पुरं होईना. तीन आठवड्यांत तीसही जणींनी जोडाक्षरं पार केली. पाट्यांवर काय चाललंय ते बाईंना दिसत होतं, पण शुद्धलेखन इतकं सुधारत होतं की त्यांनी मजकुराकडे काणाडोळा केला.

तपासणीच्या दिवशी साहेबांचं जेवण घरमालकिणीकडे होतं. तिचं नाव त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "शेंगांची चटणी काय झाली होती," असं म्हणत ते ओसरीवर आले. मागे दारात रत्नम्मा फुलून उभी राहिली.

"मनातलं लिहा," साहेब म्हणाले.

तीस पेन्सिली एकदम चालल्या. साहेबांनी नागव्वाची पाटी उचलून मोठ्याने वाचली, "'रत्नम्माची चटणी तिच्या जावेने कुटली.' वा, जोडाक्षरं बिनचूक. वर्ग चालू राहील."

साहेब गेले. वर्ग वाचला होता, पण ओसरी रत्नम्माची होती. ती पुढे आली आणि तिने ती पाटी हातात घेतली.

"ह्यात माजं नाव कुटं हाय?"

नागव्वाने भीत भीत बोट ठेवलं. रत्नम्माने त्या अक्षरांवरून आपलं बोट फिरवलं. आता ओसरी गेलीच, असं धरून बाईंनी खडूची डबी पिशवीत टाकली.

"ती डबी काढा भाईर," रत्नम्मा म्हणाली. "माजं नाव पटावर घाला. बाकीच्या पाट्या मला वाचायच्या हायत."

पहिल्या दिवसासारखंच बाईंच्या तोंडातून निघालं, "आज काय भाजी केलीत?"

"ते मी पाटीवर सांगीन," रत्नम्मा मांडी घालत म्हणाली. "आदी 'नागव्वा' कसं लिवायचं तेवढं शिकवा."