सगळ्यांना एकच नाक

"संध्याकाळच्या चहाच्या आत लंबूला शोधून दाखवतो! नाहीतर मिशा उतरवीन!" अण्णांनी जाहीर केलं.

"अण्णा, मिशा तुम्ही गेल्या वर्षीच उतरवल्यात," सून म्हणाली.

"मग तर काही धोकाच नाही!"

लंबू म्हणजे अण्णांचा फोटो स्टुडिओतला भागीदार. दोघांनी उभा जन्म एका डार्करूममध्ये भांडण्यात घालवला. भांडण ठरलेलं. अण्णा ब्रश घेऊन फोटो सुधारायचे आणि लंबू ओरडायचा, "अरे, सगळ्यांना एकच नाक काय लावतोस!" पुढे दुकान बंद झालं, लंबू दूर मुलीकडे गेला आणि अण्णांचा फोन धुण्याच्या बादलीत पडून नंबरासकट वारला. तेव्हापासून अण्णांना करमेना. लंबू आहे की गेला, एवढं तरी कळावं म्हणून जीव नुसता खालीवर व्हायचा.

सुनेनं मोबाइलवर एक साइट उघडून दिली. चेहरा दाखवा, माणूस शोधा! अण्णांनी दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो चढवला. दारात दोघं उभे, तरणेबांड! लंबूच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं मात्र, चुटकीसरशी माणूस हजर. परगावचा दातांचा डॉक्टर, खाली नंबर.

"लबाड! या वयात डॉक्टर झाला, आणि फोटो तरुणपणीचा लावलाय!" अण्णांनी लगेच फोन फिरवला. "लंब्या, चोरा, जिवंत आहेस!"

"कुठला दात दुखतोय?" पलीकडून विचारणा झाली.

"दात कसले दुखतायत? कवळी आहे! तुझा आवाज का बदलला?"

डॉक्टरनं सुस्कारा सोडला. "आजोबा, मी लंबू नाही. मागच्या आठवड्यात असाच एका आजोबांचा फोन आला. मला अण्णा समजून त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग ढसाढसा रडले. त्यांचा नंबर देतो, पण मला सोडा!"

अण्णांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. अरे देवा! लंबूचं वाकडं नाक त्यांनीच सरळ केलं होतं. चामखीळ पुसली होती, टकलावर दाट केस काढले होते. आणि स्वतःलाही तेच नाक, तेच केस! बिचारी साइट तरी काय करणार?

सुनेनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक म्हातारा. टक्कल, चामखीळ, वाकडं नाक. अण्णा मोबाइलवर वाकले.

"उजेडाकडे तोंड कर, गाढवा," लंबू घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हनुवटी वर. हं. हलू नकोस."

अण्णा हलले नाहीत. डोळे तेवढे वाहत राहिले. सुनेनं हळूच दोघांचा फोटो टिपला.

"ए, तो कुणाला पाठवू नकोस!" अण्णा डोळे पुसत ओरडले. "आधी इकडे दे. याचं नाक जरा सरळ करतो!"

"करा ना," सून म्हणाली. "डॉक्टरांचा नंबर मी जपून ठेवलाय."