आवाजाला शून्य

लिंबाजी तात्या कुणाकडंही गेला की आधी खिशातनं हातोडी काढायचा. बसायला खुर्ची दिली तर खुर्चीच्या पायाला टक्. पाण्याचा तांब्या पुढं केला तर तांब्याला टक्. मग मान डोलवून म्हणायचा, "हं, चालू द्या." एकदा आमच्या सोसायटीच्या चेअरमनच्या नव्या जीपची चारी चाकं त्यानं अशीच ठोकून बघितली, मागच्या डाव्या चाकापाशी जरा थांबला, "बघावं लागल" एवढंच बोलला आणि चालता झाला. त्या दिवशी चेअरमन जीपमध्ये बसायला तयार होईनात. ड्रायव्हरला म्हणाले, "आधी तू एकटा चक्कर मारून ये."

तात्या रेल्वेतनं रिटायर झालेला. कुठल्याशा मोठ्या जंक्शनवर मालगाडी थांबली की हातोडी घेऊन डब्याडब्याची चाकं ठोकत जायचं आणि आवाजावरून चिरलेलं चाक हुडकायचं, ही त्याची नोकरी. उभी हयात त्यात गेली. बायको आधीच गेलेली, लेक सासरी. गावी येऊन राहिला, ते गाव धारूरच्या डोंगराच्या अंगाला. आमच्याकडं रेल्वे फक्त इलेक्शनच्या भाषणात येते. आता असल्या गावात चाकं ठोकणाऱ्या माणसानं करायचं काय? तो खुर्च्या ठोकायचा.

माणसांच्या बाबतीतही त्याचे कायदे होते. "मिशीवाल्या मानसावर माझा इस्वास न्हाई," म्हणायचा. आमच्या चेअरमनच्या मिशा म्हणजे अंगण झाडून निघावं अशा, त्यामुळं त्यांचं आणि तात्याचं कधी जमलंच नाही. कुणी तंबाखू धरून बोलायला लागला की तात्या खेकसायचा, "आधी थुंकून ये बे, मग बोल!" बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं असा टक लावून बघायचा की आपल्या दातात मेथी अडकली का काय, अशी शंका यावी. आणि काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. तात्या, बरं हाय का? बघावं लागल. तात्या, पाऊस पडंल का? बघावं लागल. आम्ही मागं त्याची नक्कल करून पोट धरून हसायचो. हसणाऱ्यांत मी पहिला.

हे मी मजेत सांगतोय खरं, पण तात्याविषयी बोलायची माझी लायकी नाही. का नाही, ते सांगायलाच बसलोय.

सलग दुसऱ्या साली पाऊस हुकला, तेव्हा सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी काढली. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून छावणी माझ्या गळ्यात. दावणीला जनावरं आणि जनावरांपाशी दिवसभर बसून असलेली माणसं. जनावरं शहाणी, गप उभी राहायची. माणसं पत्ते कुटायची आणि वैरणीच्या पेंढीवरनं एकमेकांच्या उरावर बसायची. चेअरमन मला म्हणाले, "सेक्रेटरी, ह्यांच्या हाताला काहीतरी लावा. न्हाईतर एखाद्याचं टाळकं फुटंल."

उपाय तात्यानं काढला. "मालगाडीचे डबे करायला लावा. बारके. तेलाचे डबे पडलेत ना लई? स्पर्धा घ्या. मी बघतो."

मला हसू आलं. म्हटलं, डोंगरातल्या माणसांना मालगाडीचं काय सोयरसुतक? पण माझं चुकलं होतं. आमची निम्मी छावणी ऊसतोडीला जाणारी. दरसाल कारखान्याच्या वाटेवर रेल्वेच्या फाटकात उसाच्या गाड्या घेऊन तासन् तास उभी राहिलेली माणसं ती. मालगाडी त्यांनी आमच्यापेक्षा जास्त बघितली होती. पंधरा दिवसांत पत्ते बंद झाले आणि माळावर पत्रे कापल्याचा कलकलाट सुरू झाला. पहिलं बक्षीस सरकी पेंडीचं एक पोतं. त्या साली पेंडीचं पोतं म्हणजे चेष्टा नव्हती. एखाद्या घरची गाय त्याच्यावर उन्हाळा काढणार होती.

तात्याचे नियम कडक. निम्मे मार्क दिसण्याला, निम्मे आवाजाला. टेबलावर दोन लोखंडी पट्ट्यांचा रूळ केलेला. कुणी डबा दाखवायला आणला की आधी तो उचलून डोळ्यापाशी न्यायचा. "दाराला कडी कुठाय? दोन डबे जोडायचा आकडा कुठाय? ब्रेकचा दांडा ह्या अंगाला असतो व्हय रं?" भले भले बापये मास्तरपुढं उभे राहिल्यासारखे खाली मान घालायचे. मग डबा रुळावर ढकलायचा, डोळे मिटायचा आणि दोन बोटं रुळावर टेकवून मान कलती करायचा. सगळी छावणी चिडीचूप. "चाक घासतंय. उजवीकडलं." उचलून बघावं तर खरंच घासत असायचं! लोकांना वाटायचं, डोळे मिटणं आणि बोटं टेकवणं ही तात्याची ऐट आहे.

ती ऐट नव्हती, हे छावणीत फक्त मला माहीत होतं. वर्षभरापूर्वी मी त्याला अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेलतो. दोन्ही कान कामातनं गेले होते. रिटायर झाल्यापासून हळूहळू जात होते, आता काही शिल्लक नव्हतं, मशीन लावूनही फारसा उपयोग नाही म्हणाला डॉक्टर. म्हणून ती तोंडाकडं बघायची सवय. म्हणून मिशीचा आणि तंबाखूचा राग. म्हणून रुळावर बोटं, चाकाची थरथर तो बोटांनी ऐकायचा. ओठ दिसले की त्याला बोलणं कळायचं, आणि न कळलं तर "बघावं लागल" होतंच. परत येताना एस.टी.त त्यानं माझं मनगट धरलं. "गावात कुनाला सांगायचं न्हाई. आन घे." मी विचारलं, "कावून, तात्या?" तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी माझ्या मेलेल्या बापाची आण घेतली.

स्पर्धेच्या दिवशी मांडव टाकला, माईक लावला. सगळ्यात सरस डबा कौसाबाईचा निघाला. कौसाबाई म्हणजे दोन गायी घेऊन छावणीत राहिलेली ऊसतोडीची बाई, नवऱ्यामागं एकटी. तिच्या डब्याला कडी होती, आकडा होता, आणि पत्र्यावर कोपऱ्यात खडूनं ओढलेली बारकी रेघोटी होती. तात्या त्या रेघोटीवर अडकला. "हे काय काढलंय बाई?"

"फाटकात बघितलंय तात्या. समद्या डब्यावर असतंय. काय असतंय ते ठाव न्हाई, पर असतंय."

चाक ठोकून बघणारा माणूस डबा तपासल्याची खूण म्हणून खडूनं जे लिहितो, ते हे होतं. जन्मभर त्यानं लिहिलेलं कुणीतरी फाटकातनं बघत होतं. त्यानं तिला दिसण्याला पैकीच्या पैकी दिले. आवाजालाही पैकीच्या पैकी.

शेवटचा डबा चेअरमनचा. अहो, त्यांनीही भाग घेतला होता! पुण्याहून विकत आणलेला, प्लास्टिकचा, चकचकीत. पोतं त्यांना नकोच होतं. पहिल्या नंबराचा फोटो पेपरात हवा होता. बटण दाबलं की आतनं इंजिनाची शिट्टी आणि खडखडाट असा दणक्यात वाजायचा की दावणीची जनावरं बिचकली. लोकांनी टाळ्या पिटल्या. तात्यानं डोळे मिटले, बोटं टेकवली, बराच वेळ तसाच राहिला आणि म्हणाला, "दिसाय बरा हाय. खडूची खूण न्हाई, म्हंजी कुनी तपासला न्हाई. आवाजाला शून्य."

सगळा मांडव खदखदून हसला. शिट्टी तर पार खालच्या वस्तीपर्यंत गेली होती, पण प्लास्टिकच्या चाकांची थरथर काही रुळात उतरली नव्हती. चेअरमनच्या मिशा थरथरल्या. माझ्याकडं वळून म्हणाले, "ओ सेक्रेटरी, ह्या म्हाताऱ्याला ऐकू येतं का न्हाई?"

नुसतं रागानं बोलले होते. मी गप बसलो असतो तरी निभावलं असतं. पण माझ्या नोकरीची मुदतवाढ त्यांच्या सहीसाठी पडून होती, आणि माझ्या हातात माईक होता. मी माईक तोंडाला लावला आणि म्हणालो, "न्हाई येत, साहेब. दोन्ही कान गेलेत त्यांचे. मीच डॉक्टरकडं नेलतं."

तात्या माझ्याकडंच बघत होता. पण माईकमागं माझे ओठ त्याला दिसले नाहीत. तो आपला उभा, हसऱ्या तोंडानं. मग लोकांचे चेहरे बदललेले त्याला दिसले. तो एकेकाकडं बघत राहिला, काय झालं म्हणून. शेवटी पुढं बसलेल्या एकानं स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि हात हलवून दाखवला. तेव्हा त्याला कळलं. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, हातोडी खिशात घातली आणि मांडवातनं निघून गेला. जीभ हासडून टाकावी वाटली मला. पण त्याच जिभेनं मी माईकवर चेअरमनचा पहिला नंबर पुकारला.

फोटो निघाला. चेअरमननी पोतं मोठ्या मनानं सोसायटीला परत दिलं. तात्या पुन्हा छावणीत आला नाही. आठ-नऊ दिवस मी त्याच्या घरावरनं जायचं टाळलं, लांबच्या बोळानं फिरलो. शेवटी ते पोतं मी स्वतः पाठीवर घेतलं आणि कौसाबाईच्या दावणीला नेऊन टाकलं. म्हटलं, "तुझंच हाय हे." तिनं पोत्याकडं बघितलंसुद्धा नाही. "माझं दिलं, बरं झालं. आन तात्याचं काय देता?"

तिथनं तसाच तात्याकडं गेलो. दुपारची वेळ. तो ओट्यावर बसलेला. शेजारची म्हातारी वाटेनं चालली होती. तिनं लांबनंच पाची बोटं तोंडाशी नेऊन त्याला विचारलं, जेवलास का? तात्यानं मान हलवली. म्हातारी गेली. अशीच सगळी येत असणार, हात हलवत असणार आणि जात असणार.

मी समोर जाऊन बसलो. त्याला नीट दिसावं म्हणून तोंड वर केलं. "तात्या, चुकलो मी. बापाची आण मोडली."

तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. म्हणाला, "काय?"

मी पुन्हा म्हणालो. सावकाश.

"पुन्ना म्हन."

मला वाटलं, शिक्षा देतोय. द्यावीच. तिसऱ्यांदा म्हणताना माझे ओठ थरथरायला लागले, शब्द नीट उमटेनात. तात्यानं पुढं होऊन माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कळलं रं, पैल्याच टायमाला कळलं. पर नऊ दिस झाले, माझ्यासंगं कुनी तोंडानं बोललं न्हाई." आणि म्हणाला, "आनखी बोल की. कायबी बोल."

मग मी बोलत बसलो. चाऱ्याचा ट्रक घाटात बंद पडला ते सांगितलं, कौसाबाईची गाय व्यायली ते सांगितलं, माझ्या पोरीचं स्थळ मोडलं तेही सांगितलं, जे मी घराबाहेर कुणापाशी बोललो नव्हतो. ऊन ओट्यावरनं उतरून गेलं तरी तात्यानं माझ्या तोंडावरची नजर काढली नाही.