कोलंबसचा गाववाला

"माणूस चंद्रावर गेला तरी तिथे त्याला एक गाववाला भेटतोच, आणि गाववाला भेटला की माणूस बुडत नाही," हे वचन सायमन तुस्कानोने दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट रोडवर उच्चारलं. उच्चारताना त्याला धाप लागली होती, कारण तो त्या वेळी गाडी ढकलत होता. ही गाडी त्याने एका गाववाल्याकडूनच विकत घेतली होती.

शेजारी ढकलायला रहमान होता. तो वरच्या मजल्यावर राहायचा आणि मूळचा रत्नागिरीचा. वसईचा सायमन आणि रत्नागिरीचा रहमान महाराष्ट्रात भेटले असते तर एकमेकांना वाटही विचारली नसती. पण आखातात गावाची हद्द फार सैल असते. तिथे नागपूरचा माणूसही अडीनडीला वसईचा धरतात.

सायमनला सध्या गाववाल्याची फार निकड होती. एका पाइपलाइनच्या कंपनीत तो डॉक्युमेंट कंट्रोलर होता. म्हणजे इंजिनिअरांनी काढलेले नकाशे तो नंबर घालून कपाटात ठेवी आणि इंजिनिअरांनी मागितले की ते कपाटात नाहीत असं सांगे. डिसेंबरअखेर त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. ते रिन्यू झालं नाही तर बायको लिझी आणि दहावीतली ऑलिव्हिया यांच्यासकट बोजाबिस्तरा उचलून वसई गाठावी लागणार होती, आणि तीही ऐन परीक्षेच्या तोंडावर. रिन्यूअलची शिफारस करायची होती नव्या अमेरिकन मॅनेजरने, मिस्टर क्लाइन यांनी. एचआरला विचारलं की उत्तर यायचं, "इन्शाल्ला." या शब्दाला कतारमध्ये पुष्कळ वजन आहे, तारीख मात्र नाही.

लिझी हॉस्पिटलात नर्स होती. वर्षानुवर्षं सुया टोचून तिच्या बोलण्यालाही टोक आलं होतं. ती म्हणे, साहेबाला तोंड आहे, तुला तोंड आहे, सरळ विचारून मोकळा हो. पण सरळ विचारणं सायमनच्या रक्तात नव्हतं. त्याच्या गावाकडे मुलगी बघायला गेलेला माणूससुद्धा आधी तासभर केळीच्या बागेची चौकशी करतो. म्हणून महिनाभर सायमन रात्री कूस बदलत होता आणि दिवसा खुर्ची.

साहेबांची आणि त्याची पहिली भेट तशी लक्षात राहण्यासारखी झाली होती. क्लाइनसाहेबांच्या टेबलावर काचेच्या वाडग्यात तपकिरी, गुळगुळीत, खजुराएवढ्या बिया होत्या. दोह्यात कुठल्याही कचेरीत गेलं की पुढे खजूर येतो, आणि यजमानाचा खजूर नाकारणं म्हणजे यजमानालाच नाकारणं, हे सायमन फार पूर्वी शिकला होता. त्याने अदबीने एक बी उचलली, "शुक्रन, सर," म्हणाला आणि तोंडात टाकली.

क्लाइनसाहेब टेबलाला वळसा घालून आले नाहीत, टेबलावरून आले.

"थुंक," ते म्हणाले. "विषारी आहे." (साहेब अर्थात इंग्रजीत बोलत. पण विष म्हटल्यावर भाषेचा प्रश्न उरत नाही.)

सायमनने बी साहेबांच्या तळहातावर परत केली. साहेबांनी ती रुमालाने मायेने पुसली, वाडग्यात ठेवली आणि मग तिची सगळी कुळकथा सांगितली. ते ओहायो राज्यातल्या कोलंबस गावचे. तिथलं विद्यापीठ केवढं तरी मोठं, आणि त्याहून मोठी त्याची फुटबॉलची टीम. ही बी तिकडच्या झाडाची, टीमचं नावही त्या झाडावरून पडलेलं. लोक या बियांच्या माळा करून गळ्यात घालतात. दर शनिवारी सारं गाव लाल कपडे घालून मैदानावर जातं. फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. यात चेंडूला पाय क्वचित लागतो, माणसं मात्र एकमेकांच्या अंगावर पडतात. सायमनने यातलं फक्त 'कोलंबस' ऐकलं. उरलेल्या वेळात तो आपल्याला घेरी येते का याकडे लक्ष ठेवून होता.

घरी येऊन त्याने ऑलिव्हियाचा शाळेचा अ‍ॅटलास उघडला आणि त्याला साक्षात्कार झाला. त्याच्या बहिणीचा मुलगा क्रिस मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाच्या गावी शिकत होता. तेही विद्यापीठाचंच गाव. तिथल्या स्टेडियममध्ये लाखभर माणसं बसतात आणि गावची वस्तीही जेमतेम तेवढीच, त्यामुळे मॅचच्या दिवशी घरं कोण राखतं हे कोडं क्रिसच्या आईला वसईत बसून कायम पडलेलं असे. नकाशात कोलंबस आणि अ‍ॅन आर्बर यांच्यामध्ये सायमनची करंगळी मावत होती.

त्याने टेलिफोन कार्ड खरवडून क्रिसला फोन लावला. क्रिस म्हणाला, "गाडीने तीन-साडेतीन तास, मामा. पण त्यांचं आणि आमचं..." एवढ्यात कार्ड संपलं. सायमनने पुढचं वाक्य स्वतःच पुरं केलं. त्यांचं आणि आमचं जुनं नातं आहे. हे वाक्य, तसं पाहिलं तर, खरंच होतं.

तीन तास म्हणजे वसई ते नाशिक. दोह्याच्या हिशेबाने सख्खे शेजारी. साहेब गाववाले निघाले होते.

यानंतर सायमनला पंख फुटले. कारण न सांगता त्याने क्रिसकडून कॉलेजचे निळे स्वेटशर्ट मागवले, प्रत्येकाच्या छातीवर परातीएवढा पिवळा एम असलेले. झेंडाही मागवला. हे सारं सुट्टीवरून परतणाऱ्या एका माणसाबरोबर वसईमार्गे दोह्याला पोचलं. मग नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी त्याने साहेबांना घरी जेवायला बोलावलं. तुमच्या घराजवळचं काहीतरी दाखवायचं आहे, असं गूढही करून ठेवलं. साहेब इतक्या चटकन हो म्हणाले की सायमनला जरा चुकल्यासारखं झालं.

शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये निळे-पिवळे फुगे लटकले. भिंतीवर झेंडा आला. लिझीने भुजिंग केलं होतं. कोंबडी आणि पोहे एकत्र कसे, असं विचारणाऱ्याला वसईजवळच्या आगाशीकडचा माणूस उत्तर देत नाही, दुसरी वाढ देतो. बेकरीतून निळा केक आला, त्यावर पिवळा एम. बेकरीवाल्याने कुणाचा वाढदिवस म्हणून विचारलं तर सायमन म्हणाला, "एका गावाचा." बेकरीवाल्याने मेणबत्त्या किती, हे विचारायचं सोडून दिलं.

साहेब यायला थोडाच वेळ उरला असताना ऑलिव्हिया खोलीतून बाहेर आली. तिलाही स्वेटशर्ट घालायला लावला होता, त्यामुळे ती आधीच घुश्शात होती.

"डॅड, मिस्टर क्लाइन क्रिससारखे मिशिगनचे ना?"

"कोलंबसचे. बाजूचंच आहे."

ऑलिव्हियाने बापाकडे पाहिलं, आपल्या छातीकडे पाहिलं आणि परत खोलीत गेली. कॉम्प्युटरचा इंटरनेट लागतानाचा किरकिराट ऐकू आला. मग ती म्हणाली, "डॅड, कम हिअर. नाऊ."

पडद्यावर जे होतं ते तिने वाचून दाखवलं. ही दोन गावं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. शंभर वर्षांपासूनचं वैर आहे. वर्षातून एकदा दोन्ही टीम भिडतात, आणि त्या आठवड्यात कोलंबसचे लोक समोरच्यांचं नावसुद्धा उच्चारत नाहीत, 'वरच्या अंगाची ती टीम' एवढंच म्हणतात. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच. फक्त प्रेम वजा.

"आणि यंदाची मॅच कधी आहे?" लिझीने विचारलं.

"टुमॉरो," ऑलिव्हिया म्हणाली.

सायमन सोफ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. डिसेंबर त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि मागे ट्रंका बांधलेल्या दिसल्या. लिझी मात्र कॅज्युअल्टीत काम केलेली बाई. तिने विचारलं, "त्यांचा रंग कोणता?"

"लाल. आणि राखाडी."

"मग यल्ला, उठ. राखाडी तुझं तोंड झालंच आहे. लाल शोधू."

तिने फुगे टाचणीने फोडायला घेतले. तो आवाज ऐकून वरून रहमान धावत खाली आला. त्याला वाटलं, गॅसचं काहीतरी झालं. त्याला दारातच सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "सायमनभाय, आमच्याकडे दोन वाड्यांचं भांडण असलं तर जेवायला बोलावताना पाहुण्याचा वाडा आधी इचारतात." एवढं बोलून तो वर गेला आणि सूक वाकिफच्या बाजारातून घेतलेला लाल गालिचा खांद्यावर टाकून परत आला. आखातातला गाववाला असाच असतो. आधी टोमणा, मग गालिचा.

लिझीने ट्रंकेतून आईचं लाल लुगडं काढलं. वसईच्या चर्चच्या सणाला नेसायचं ते लुगडं झेंड्याच्या जागी भिंतीवर चढलं. केकवरचा एम सुरीने खरवडून त्यावर स्ट्रॉबेरीचा जॅम फासला. आता केक एखाद्या अपघातासारखा दिसू लागला. सायमनला अंगात घालायला लाल असं काहीच मिळेना. शेवटी ऑलिव्हियाच्या शाळेच्या रेड हाऊसचा टी-शर्ट त्याच्यावर चढवण्यात आला. तो पोटाच्या अलीकडेच थांबला. निळे स्वेटशर्ट, झेंडा, फुग्यांची कातडी असं सगळं काळ्या पिशवीत भरून रहमान इमारतीखालच्या कचरापेटीत टाकून आला. येताना म्हणाला, म्युनिसिपालटीची गाडी आलेलीच होती, हातोहात गेलं. सायमनने त्याचे दोन्ही हात धरून शुक्रन म्हटलं.

बेल वाजली.

क्लाइनसाहेब आत आले आणि चटईवरच थबकले. भिंतीवर लाल, जमिनीवर लाल, केकवर लाल, यजमानाच्या बरगड्यांवर लाल. इंटरनेटवर वाचलेला आणखी एक प्रकार ऑलिव्हियाने घरच्यांकडून घोकून घेतला होता. कोलंबसचा माणूस भेटला की 'ओ-एच' म्हणायचं, तो 'आय-ओ' म्हणतो.

"ओ-एच," तुस्कानो कुटुंब एका सुरात म्हणालं. रहमानही म्हणाला.

"आय-ओ," साहेब म्हणाले. मयताच्या घरी रोझरीची प्रार्थना सांगताना लांबचा पाहुणा जशी साथ देतो, तसं.

सायमनचं काळीज खाली गेलं. जेवताना ते आणखी खाली गेलं. साहेबांनी भुजिंग घेतलं, पुन्हा घेतलं, पण बोलले नाहीत. लिझीने हवामानाचं काढलं, रहमानने ट्रॅफिकचं. उद्याच्या मॅचला शुभेच्छा म्हणून सायमनने ग्लास उचलला तर साहेब त्या जॅमच्या केककडे बघत राहिले. भिंतीच्या कडेला झेंड्याचा निळा धागा राहिला होता काय, हे बघायला सायमन दोनदा उठला. तिसऱ्यांदा उठताना लिझीने टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

अखेर साहेबांनी काटा खाली ठेवला.

"सायमन, तुझ्या कॉन्ट्रॅक्टबद्दल..."

सायमनने टी-शर्ट पोटावर ओढला.

"...मी इथे आलो त्याच आठवड्यात सही करून दिली होती. तुला एचआरने सांगितलं नाही?"

लिझीने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत केळीची अख्खी बाग होती.

सायमन आभार मानायला तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "माझं मात्र रिन्यू होत नाही. डिसेंबरात मी जातोय."

मग त्यांनी सांगितलं. बुधवारी हॉटेलात नव्या रीजनल हेडच्या स्वागताची पार्टी होती. ओळख करून देताना कुणीतरी म्हणालं की हे अ‍ॅन आर्बरचे. एरवी साहेबांनी ते नाव ऐकून घेतलं असतं, पण आठवडा मॅचचा होता. खिशात ती बी होती. साहेबांनी ती नव्या हेडच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "खाऊन बघा."

"मग?" रहमानने विचारलं.

"त्यांना माहीत होतं ती काय आहे."

लिझीने न विचारता साहेबांच्या ताटात आणखी भुजिंग वाढलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पत्र दिलं. चूक माझीच," साहेब म्हणाले. "आता माझ्या जागी कुणी येणार नाही. तुमचं खातं थेट त्यांच्याकडे जातंय. पुढच्या वर्षीच्या रिन्यूअलवर सही त्यांचीच. माणूस चांगला आहे म्हणतात, फक्त गावावर भारी जीव. कुणी त्यांच्या गावचं निघालं तर डोक्यावर घेऊन नाचतील."

खाली रस्त्यावरून म्युनिसिपालटीच्या आणखी एका गाडीचा, मागे जाताना वाजतो तसा आवाज आला आणि लांब लांब गेला. सायमनने रहमानकडे पाहिलं. रहमानने गालिच्याकडे पाहिलं.

साहेब उठले. लिझीचे आभार मानले, लुगड्याचा पोत बोटांनी चाचपून छान आहे म्हणाले. दाराशी गेल्यावर त्यांचा पाय घुटमळला. त्यांनी खाकरून घसा साफ केला. सायमनला वाटलं, हा माणूस आता आयुष्याचं काहीतरी बोलणार. परक्या देशात एकाकी पडलेला, नोकरी गेलेला, आपल्याच गावाच्या अभिमानाने बुडालेला माणूस. सायमनने छातीवर हात ठेवला. जे मागाल ते देईन, अशी त्याची मुद्रा झाली.

"सायमन," साहेब हळू आवाजात म्हणाले, "ऑफिसात म्हणतात, तुझे इथे गाववाले फार आहेत. त्यांच्यात कुणी माझं मांजर ठेवून घेईल का?"