झाडाखालची खोली

बटण दाबलं तरी गाडीने हूं की चूं केलं नाही, तेव्हा अण्णांना मनातल्या मनात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चेहरा मात्र त्यांनी शक्य तितका पाडला. मागे जावईबापू उभे होते, आणि गाडी विकायचं ठरल्यापासून त्यांचं सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बारीक लक्ष होतं.

"काय झालं अण्णा?"

"उघडत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे बंद आहे."

जावईबापूंनी किल्ली हातात घेतली. त्यांनी जवळून बटण दाबलं, लांब जाऊन दाबलं, हात उंच धरून दाबलं. झाडाखाली पिवळी पानं पांघरून गाडी शांत झोपली होती. कुणी उठवलेलं तिला आवडत नसावं.

"बॅटरी उतरली असणार. गाडी नुसती पडून राहिली की हे असं होतं. म्हणून तर म्हणतोय, विकून टाका."

अण्णांनी गंभीरपणे मान डोलावली. गाडी का पडून होती आणि तिच्यात कोण पडून असायचं, हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. निदान तोवर त्यांची तशी समजूत होती.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून अण्णांनी गाडी रस्त्यावर काढली नव्हती. त्यातच लेक, जावई आणि जुळ्या नाती त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. लेकीच्या घराची दुरुस्ती चालली होती आणि ती संपायचं नाव घेत नव्हती. जेवणाच्या टेबलावर जावईबापूंनी ऑफिस थाटलं होतं. एक नात ड्रम वाजवायला शिकत होती, दुसरी वादविवाद स्पर्धेची तयारी करत होती, आणि सरावासाठी दोघींनाही आजोबांचीच खोली आवडत होती. अण्णांना ही सगळी माणसं मनापासून हवी होती. फक्त दुपारी थोडा वेळ नसती तरी चाललं असतं.

अशाच एका दुपारी "गाडी जरा सुरू करून येतो" असं सांगून ते खाली गेले. आत बसून त्यांनी दार ओढून घेतलं आणि एकदम सगळं थांबलं. धुळीच्या काचेतून ऊन आत येत होतं ते चहाच्या रंगाचं होऊन. टपावर एखादं पान पडलं की तेवढाच आवाज. अण्णांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत बसून रस्त्यांचे नकाशे काढले होते, आणि त्यातल्या बहुतेक रस्त्यांवरून ते कधी गेले नव्हते. सीट मागे टाकून डोळे मिटताच ते सगळे रस्ते एकेक करून सुरू झाले. एक वळण घेतलं तर समुद्र लागला. पुढचं वळण थेट त्यांच्या शाळेच्या मागच्या दारापाशी निघालं. नकाशात असं कुठेच नव्हतं, पण चूक काढायला वरिष्ठ नव्हते. जाग आली तेव्हा इंजिन सुरू करायचं राहून गेलं होतं.

मग ते रोजच राहून जाऊ लागलं. पुढच्या सीटखाली निळ्या चौकड्यांची उशी आली, पातळ चादर आली, घरात घालायच्या सपाता आल्या. झोप लागेपर्यंत रेडिओवर हळू आवाजात बातम्या चालायच्या. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी रेडिओ लावला की बातम्यांच्या जागी जुनी गाणी लागायची. वय झालं की गाड्यांनाही स्वतःची आवडनिवड येत असावी, असं म्हणून अण्णांनी तो विषय सोडून दिला होता.

मग कंबर धरली. अण्णा अंथरुणात, त्यांच्या पत्नी माई उशाशी, आणि गाडी एकटी झाडाखाली. तेवढ्यात जावईबापूंनी गिऱ्हाईक शोधलं, लेकीच्या ओळखीतले दातांचे डॉक्टर. ते आज येणार होते. सकाळी माई अचानक म्हणाल्या, "मी आधी खाली जाऊन गाडी पुसून येते."

"तू कशाला? मी जातो," अण्णा घाईघाईने म्हणाले.

"तुमची कंबर!"

"कंबर बरी आहे."

"काल तर कण्हत होतात."

या ओढाताणीत किल्ली अण्णांच्या हाती आली खरी, पण मदतीला म्हणून जावईबापू मागोमाग निघाले. गुपचूप उशी काढून आणायचा बेत तिथेच बारगळला.

आता जावईबापूंनी किल्ली परत दिली आणि चावीवाल्याला फोन करायला ते पाठमोरे झाले. या किल्लीच्या पोटात एक धातूची बारीक चावी असते, अगदी अडचणीच्या वेळेसाठी. अण्णांना ते माहीत होतं. आणि अडचणीची वेळ तर हीच होती. त्यांनी नखाने ती चावी हळूच बाहेर ओढली आणि खिशात टाकली. गाडी उघडली नाही तर डॉक्टर परत जातील. मग पुन्हा दुपार होईल, पुन्हा समुद्र लागेल.

चावीवाला आणि डॉक्टर एकदमच आले. लेक आणि माईही खाली उतरल्या. माईंच्या खांद्याला पर्स होती. घराच्या दारात उतरताना पर्स कशाला, हा प्रश्न अण्णांना पडला, पण त्यांच्यापुढे स्वतःचेच प्रश्न पुष्कळ होते.

चावीवाल्याने किल्ली उघडून पाहिली. "आतली चावी कुठंय?"

"आत चावी असते?" अण्णांनी इतक्या निरागसपणे विचारलं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

"दुसरी किल्ली असेल ना?"

"ती आईने हरवली," लेक म्हणाली. "नाही का गं आई?"

"हो बाई. कुठे गेली कुणास ठाऊक," माई म्हणाल्या आणि त्यांनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. "अहो, जाऊ द्या ना. नसेल तिच्या मनात उघडायचं. कशाला बिचारीच्या मागे लागायचं?"

अण्णांनी बायकोकडे कृतज्ञतेने पाहिलं. इतक्या वर्षांत ही आपल्या बाजूने इतकी ठाम उभी राहिल्याचं त्यांना आठवेना.

चावीवाल्याने दाराच्या फटीतून तार घालून पाहिली. तार आत गेली, इकडेतिकडे फिरली आणि वाकडी होऊन बाहेर आली. डॉक्टर सवयीने वाकून त्या फटीत डोकावत होते. मग काचेवर हात धरून त्यांनी आत पाहिलं.

"आत सीटखाली उशी दिसतेय."

अण्णा काच झाकत पुढे झाले.

"उशी?" लेक म्हणाली. "गाडीत?"

"कंबरेसाठी," अण्णा म्हणाले. "चालवताना लागते."

"तुम्ही कुठे चालवता अण्णा?"

याचं उत्तर समुद्राकाठी असं होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. दवाखान्यात कुणीतरी आ वासून त्यांची वाट पाहत होतं. जावईबापूंचा धीर सुटला.

"मागची छोटी काच फोडा. नवीन बसवून घेऊ."

चावीवाल्याने हातोडीला फडकं गुंडाळलं. हात वर गेला. अण्णांना वाटलं, आपल्या झोपेवरच कुणी हातोडी उगारली आहे.

"थांबा!"

हा आवाज अण्णांचा होता, पण एकट्या अण्णांचा नव्हता. त्यांचा हात पुढे आला, त्यावर धातूची बारीक चावी. शेजारून माईंचा हात पुढे आला, त्यावर हरवलेली किल्ली. दोन तळवे एकमेकांशेजारी तसेच राहिले. चावीवाल्याने हातोडी खाली घेतली.

"आई, ही हरवली होती ना?" लेकीने विचारलं.

"सापडली."

"कधी?"

माई झाडाकडे पाहत म्हणाल्या, "हरवलीच नव्हती."

दार उघडलं. उशी निघाली, चादर निघाली, सपाता निघाल्या. अण्णा अंगणात पकडलेल्या चोरासारखे उभे होते. पण मग जावईबापूंनी मागच्या सीटखाली हात घातला, आणि लोकरीचे गुंडे निघाले, अर्धवट विणलेलं काहीतरी निघालं, चष्मा निघाला, गोळ्यांचा डबा निघाला, आणि खुनाच्या पानावर दुमडलेली एक रहस्यकथा निघाली. अण्णांनी बायकोकडे पाहिलं.

"सकाळी तुम्ही फिरायला जाता ना, तेव्हा," माई म्हणाल्या.

"म्हणजे ती गाणी तू लावायचीस?"

"आणि त्या बातम्या तुम्ही? मला वाटलं रेडिओच बिघडलाय! वाचायला आतला दिवाही लावायचे मी. शेवटी बंद करायचा राहिला वाटतं."

बॅटरी का उतरली ते कळलं. लेकीचे डोळे मात्र भरून आले. "घरात एवढी अडचण होत होती तर सांगायचं ना अण्णा."

"सांगितलं असतं तर तुम्ही निघून गेला असता," अण्णा म्हणाले. "ते नको होतं. तुम्ही सगळे हवे आहात गं. फक्त दुपारी जरा..."

"ड्रम नको," माईंनी वाक्य पुरं केलं.

या गडबडीत डॉक्टरांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गाडी पाहायची म्हणून ते आत बसले होते आणि त्यांनी दार लावून घेतलं होतं. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. काचेवर टकटक केली तेव्हा ते उतरले. चेहरा कुठल्यातरी लांबच्या गावाहून आल्यासारखा दिसत होता.

"घेतो," ते हळू आवाजात म्हणाले. "चालू नसली तरी घेतो. माझ्या घरी चार मुलं आहेत."

समुद्र, शाळेचं मागचं दार, सगळं आता दातांच्या डॉक्टरांच्या नावावर होणार.

"विकायची नाही," माई म्हणाल्या.

"पण आई, ठरलं होतं..." जावईबापूंनी सुरुवात केली.

"विकायची नाही म्हणतेय ना ती," लेक म्हणाली आणि तिने उशी उचलून, झटकून, पुढच्या सीटवर ठेवली. अण्णांचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी उसासा टाकला. "अशी न चालणारी गाडी कुणाची असली तर कळवा," असं सांगून ते गेले. जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. संध्याकाळी जावईबापूंनी मुकाट्याने नवी बॅटरी बसवून दिली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर अण्णांनी खुंटीकडे पाहिलं, तर किल्ली नव्हती. ते खाली गेले. पुढच्या सीटवर, त्यांच्याच उशीवर, लेक झोपली होती. लहानपणी झोपायची तशीच, तोंड किंचित उघडं. मागे माई विणत बसल्या होत्या. त्यांनी आतून दार उघडलं आणि लोकर बाजूला सरकवली.

"हळू लावा," त्या कुजबुजल्या.

अण्णा बसतात न बसतात तोच काचेवर टकटक झाली. बाहेर जावईबापू उभे होते. काखेत मिटलेला लॅपटॉप होता, आणि ते अजिजीने पुढच्या रिकाम्या सीटकडे बोट दाखवत होते. वरून ड्रमचा आवाज येत होता. आज दुसरी नातही तावातावाने कसलातरी मुद्दा मांडत होती.

माईंनी सुया खाली ठेवल्या, पुढे वाकून एक बटण दाबलं, आणि खट् करून चारही दारं बंद झाली. लेक झोपेतच हसली. अण्णांनी डोळे मिटले. वळण घेतलं तसा समुद्र लागला, आणि आज गाडी लेक चालवत होती.